जिल्हा की राष्ट्र? : कॉर्नवॉलमधील एका लहानशा पक्षाची हकीकत

राजकीय पक्षांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विजयी पक्ष उभे राहतात. ज्यांनी सरकारे स्थापिली, कायदे केले, साम्राज्ये वाढविली किंवा मोडली, त्यांचीच चरित्रे लिहिली जातात आणि आपणही तीच आवडीने वाचतो. आज मी ज्या पक्षाविषयी बोलणार आहे तो १९५१ साली स्थापन झाला आणि त्याला आता पाऊणशे वर्षे होत आली, पण एवढ्या काळात त्याच्या तिकिटावर एकही माणूस ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेला नाही. मग अशा पक्षासाठी वसंतातली एक चांगली संध्याकाळ का खर्चावी, असे तुम्ही विचाराल. माझे उत्तर असे की, या पक्षाने निवडणुका हरता हरता एक प्रश्न मात्र जिवंत ठेवला. आणि तो प्रश्न पुढे अशा लोकांच्या तोंडी जाऊन बसला की ज्यांनी या पक्षाला जन्मात कधी मत दिले नव्हते.

पक्षाचे नाव मेब्यॉन केर्नो. अर्थ अगदी साधा, ‘केर्नोचे पुत्र’. आणि केर्नो म्हणजे इंग्रजीत ज्याला कॉर्नवॉल म्हणतात तो प्रदेश. ब्रिटन बेटाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या नैर्ऋत्येला पायाच्या अंगठ्यासारखा एक भूभाग अटलांटिक महासागरात पुढे सरकलेला दिसेल. तेच कॉर्नवॉल. क्षेत्रफळ साडेतीन हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास, वस्ती साडेपाच लाखांच्या वर. म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका आणि लहान जिल्हा यांच्या मधले काहीतरी. तिन्ही बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला टेमर नदी. ही नदी मोठी मौजेची आहे. उत्तर किनाऱ्यापासून अवघ्या पाचसहा किलोमीटरांवर ती उगम पावते, पण जवळच्या समुद्राकडे न वळता दक्षिणेची वाट धरते आणि सारा प्रदेश कापीत प्लिमथच्या खाडीला जाऊन मिळते. तेवढी उगमाजवळची चिंचोळी पट्टी सोडली तर कॉर्नवॉल हे जवळजवळ बेटच. बेटावरचे बेट म्हणा ना. दहाव्या शतकात इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन याने हीच नदी कॉर्निश आणि इंग्रज यांच्यातील सीमा ठरविली, असे परंपरा सांगते.

लंडनच्या दफ्तरात कॉर्नवॉल ही इंग्लंडची एक ‘काउंटी’ आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर जिल्हा. मेब्यॉन केर्नोचे म्हणणे असे की हा जिल्हा नव्हे, हे वेल्स आणि स्कॉटलंड यांच्यासारखे एक केल्टिक राष्ट्र आहे. सारा वाद या एका वाक्याचा आहे.

आता हे म्हणणे केवळ हौशी माणसांच्या डोक्यातून निघाले काय? तसे मानण्याआधी थोडे मागे जाऊन पाहावे. १३३७ साली तिसऱ्या एडवर्डने आपल्या थोरल्या मुलाला कॉर्नवॉलचा ड्यूक केले. ती डची आजही आहे आणि राजाच्या थोरल्या मुलाकडेच जाते. कॉर्नवॉलमध्ये कोणी बेवारस मेला तर त्याची मालमत्ता इतर ठिकाणांप्रमाणे राजाकडे न जाता या ड्यूककडे जाते. कथिलाच्या खाणींत काम करणाऱ्यांना तर स्वतःचे कायदे, स्वतःची न्यायालये आणि स्वतःची पार्लमेंट होती; ती शेवटची भरली १७५२-५३ मध्ये. जिल्ह्याला स्वतंत्र पार्लमेंट असते, असे आपण कुठे ऐकले आहे काय?

शिवाय बंडांची परंपरा आहे. १४९७ साली सातव्या हेन्रीने स्कॉटलंडवरील स्वारीसाठी कर बसविला. इतक्या दूरच्या लढाईचा पैसा आम्ही का भरावा, असे म्हणून सेंट केव्हर्न गावचा मायकेल जोसेफ नावाचा एक लोहार उठला. कॉर्निश भाषेत लोहाराला ‘अन गॉफ’ म्हणतात आणि त्याच नावाने तो ओळखला जातो. त्याला बॉडमिनचा वकील टॉमस फ्लमँक मिळाला. एक घण चालविणारा, दुसरा कलमे काढणारा. जोडी झकास जमली. हजारो माणसे पायी चालत थेट लंडनच्या वेशीवर ब्लॅकहीथपर्यंत गेली. १७ जून रोजी तेथे त्यांचा मोड झाला आणि दहा दिवसांनी दोघांनाही देहान्त शासन झाले. पुढे १५४९ साली सरकारने चर्चमधील प्रार्थना इंग्रजीतच झाली पाहिजे असा हुकूम काढला तेव्हा पुन्हा बंड झाले. त्या बंडखोरांच्या मागण्यांत एक मुद्दा असा होता की आमच्यातील कित्येकांना इंग्रजी कळतच नाही. त्या बंडात हजारो माणसे मारली गेली.

माझ्या मते कॉर्नवॉलच्या इतिहासाला खरे वळण लागले ते १५४९ मध्ये. वेल्सला बायबल वेल्श भाषेत मिळाले आणि ती भाषा देवळात टिकली. कॉर्निशला ते भाग्य लाभले नाही. देवाशी इंग्रजीत बोलावयाचे आणि घरात कॉर्निशमध्ये, अशी विभागणी फार दिवस चालत नाही. पिढ्या न् पिढ्या भाषा पश्चिमेकडे, समुद्राकडे हटत गेली. अठराव्या शतकात ती जमिनीच्या अगदी टोकाशी, कोळ्यांच्या दोनचार गावांत उरली. १७६८ साली डेन्स बॅरिंग्टन नावाचा एक विद्वान कॉर्निश बोलणारे कोणी सापडते का हे पाहत माउसहोल गावी पोहोचला. तेथे त्याला मासे विकणारी डॉली पेन्ट्रीथ नावाची म्हातारी भेटली. ती १७७७ साली वारली. तिला कॉर्निश बोलणारी शेवटची बाई म्हणण्याचा प्रघात आहे. ती खरोखर शेवटची होती की नाही यावर पंडितांचा वाद चालतो. आपण त्यात पडू नये. पण गंमत पाहा, १८६० साली तिच्या नावाने दगड बसविला तो नेपोलियनच्या घराण्यातील लुई ल्युसियन बोनापार्ट या भाषाप्रेमी राजपुत्राच्या पुढाकाराने. कोळणीचे स्मारक राजपुत्राने उभारावे असे जगात वारंवार घडत नाही.

भाषा गेली तरी खाण होती. ज्या कथिलाची कल्हई आपल्या घरातील पितळी भांड्यांना होत असे, ते कथील आणि तांबे यांवर कॉर्नवॉल शतकानुशतके जगले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांब्याच्या उत्पादनात त्याची बरोबरी करणारे जगात फारसे कोणी नव्हते. १८६६ च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले, मग कथिलालाही परदेशी स्पर्धा आली आणि खाणकामगार जहाजे धरून ऑस्ट्रेलिया, अमेरिका, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका असे निघाले. कुठेही जमिनीला भोक दिसले तर तळाशी एक कॉर्निश माणूस सापडेल, अशी म्हणच पडली. आपल्यालाही ती भोके अपरिचित नाहीत. १८८० पासून जॉन टेलर आणि मंडळी यांनी म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणी चालविल्या, तेव्हा कॅप्टन म्हणून आणि जाणते खाणकामगार म्हणून कॉर्निश माणसेच तेथे येत असत. कोलारचे खोल बोगदे तामिळ आणि तेलुगू मजुरांच्या घामावर आणि कॉर्निश पद्धतीवर उभे राहिले. योगायोग असा की कॉर्नवॉलमधील शेवटची कथिलाची खाण साउथ क्रॉफ्टी १९९८ मध्ये बंद पडली आणि कोलारच्या खाणी २००१ मध्ये.

हे सारे एवढ्या विस्ताराने सांगितले याचे कारण, भाषा गेली, धंदा गेला आणि निम्मी तरुण पिढी परदेशी गेली, अशा मुलखात राष्ट्रवाद कशाच्या जोरावर उभा राहावा, हे समजल्याशिवाय पुढची हकीकत नीट कळत नाही. पहिले काम विद्वानांनी केले. हेन्री जेनर या गृहस्थाने १९०४ साली कॉर्निश भाषेचे एक लहान पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्याच साली केल्टिक काँग्रेसने कॉर्नवॉलला केल्टिक राष्ट्रांच्या पंक्तीत बसविले. १९२८ मध्ये बॉस्कॉवेन-उन येथील प्राचीन शिलावर्तुळात कवी-विद्वानांचा पहिला मेळावा, ज्याला गोरसेथ म्हणतात, तो भरला. निळे झगे, मिरवणूक, शपथा असा त्याचा थाट. पाहणाऱ्या इंग्रजांना हसू येत असेल. पण झगा घालून का होईना, माणसे मेलेल्या भाषेत बोलू लागली हे खरे.

आणि मग ६ जानेवारी १९५१ चा दिवस आला. रेडरुथ या जुन्या खाणगावातील ओट्स टेंपरन्स हॉटेलात तेरा माणसे जमली. येऊ शकत नाही म्हणून आणखी सात जणांचे निरोप होते. टेंपरन्स हॉटेल म्हणजे जेथे दारू मिळत नाही असे हॉटेल. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट पंथाने कॉर्नवॉलमधील खाणकामगारांना असे काही वळण लावले होते की त्यांचा राष्ट्रवादसुद्धा चहाच्या पेल्यावर जन्माला आला. हेलेना चार्ल्स ही बाई पहिली अध्यक्ष झाली. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नाव ‘पुत्र’ आणि पुढारी कन्या! आरंभीची उद्दिष्टे फार सौम्य होती: स्थानिक परिस्थितीचा अभ्यास करावा, भाषेला आणि वाङ्मयाला उत्तेजन द्यावे, इतिहास कॉर्निश दृष्टीने शिकवावा, पत्रके काढावीत, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करावेत. पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटनच्या संघराज्यात कॉर्नवॉलला स्वराज्य मिळावे अशी भूमिका संस्थेने घेतली. फुटून निघण्याची भाषा मात्र कधीच नव्हती आणि आजही नाही. १९५३ साली हेलेना चार्ल्स स्थानिक नगर मंडळावर निवडून आल्या. पक्षाच्या खात्यावरील हा पहिला विजय.

खरी धार आली ती १९६० नंतरच्या दशकात. लंडन शहरात माणसे मावेनात म्हणून तेथील वस्ती कॉर्नवॉलमधील गावांत हलवावी अशी एक योजना निघाली. आपल्या तरुणांना काम नाही म्हणून ते बाहेर चालले आहेत आणि बाहेरची वस्ती मात्र येथे आणून बसविणार, ही विसंगती लोकांना खुपली. मेब्यॉन केर्नोने तो विषय उचलला आणि १९६७ मध्ये कॉलिन मर्ली हे त्याचे कार्यकर्ते काउंटी कौन्सिलवर निवडून आले. योगायोगाने तेच दिवस ब्रिटनमधील इतर लहान राष्ट्रांच्या भरभराटीचे होते. १९६६ मध्ये वेल्सच्या प्लाइड कम्री पक्षाचे ग्विनफोर एव्हन्स कारमार्थनमधून, तर १९६७ मध्ये स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या विनी यूइंग हॅमिल्टनमधून पार्लमेंटात गेल्या. मग कॉर्नवॉलच मागे का राहिले?

एक कारण उघड आहे: वस्ती थोडी, आणि बोलती भाषा नाही. पण मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. लंडनविरुद्धचा राग व्यक्त करण्यासाठी कॉर्निश मतदाराजवळ अगोदरच एक साधन होते, ते म्हणजे लिबरल पक्ष. मेथडिस्ट चॅपेल आणि लिबरल मत ही तेथली जुनी जोडगोळी. शिवाय पहिली वीस वर्षे मेब्यॉन केर्नो हा पुरता पक्ष नव्हताच. तो एक दबाव गट होता आणि दुसऱ्या पक्षाच्या माणसांना त्याचे सभासद होता येत असे. पीटर बेसेल आणि जॉन पार्डो हे लिबरल खासदारसुद्धा त्याचे सभासद होते. म्हणजे पाहा, तुमच्या मागण्या दुसरा पक्ष बोलून दाखवितो आणि मतेही तोच घेऊन जातो! १९७० मध्ये पक्षाने पहिल्यांदा पार्लमेंटची निवडणूक लढविली. रिचर्ड जेनकिन हे फॅलमथ-कॅम्बोर्न येथून उभे राहिले आणि त्यांना ९६० मते मिळाली. अनामत रक्कम अर्थातच जप्त झाली. १९७५ मध्ये जेम्स व्हेटर बाहेर पडले आणि त्यांनी कॉर्निश नॅशनलिस्ट पार्टी हा वेगळा पक्ष काढला. मूठभर माणसांच्या पक्षातही फूट पडतेच. या बाबतीत तरी लहान राष्ट्रे मोठ्यांच्या मागे नाहीत. १९७९ च्या युरोपीय पार्लमेंटच्या निवडणुकीत जेनकिन यांना दहा हजारांहून अधिक मते पडली. त्या मानाने हे मोठे यश होते, पण जागा मिळण्याच्या आसपासही ते नव्हते.

आता या साऱ्या हकीकतीतील मला सर्वांत बोधक वाटणाऱ्या प्रकरणाकडे येतो. ते आहे आकडेवारीचे. युरोपीय संघ मागासलेल्या प्रदेशांना विकासासाठी मोठे साहाय्य देत असे. त्यासाठी अट अशी की प्रदेशाचे दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या शेकडा पंचाहत्तरांहून कमी असावे. कॉर्नवॉलचे ते होतेच. पण लंडनच्या कारकुनांनी सोयीसाठी कॉर्नवॉल आणि शेजारचे डेव्हन यांचा हिशोब एकत्र बांधला होता. डेव्हनमध्ये प्लिमथ आणि एक्झिटर ही मोठी शहरे. त्यांच्या कमाईने सरासरी वर जाई आणि कॉर्नवॉलचे दारिद्र्य कागदावर दिसेनासे होई. सधन भावाच्या शिधापत्रिकेवर नाव असलेल्या गरीब भावासारखी ही गत. आम्हांला निराळे मोजा, एवढी एकच मागणी मेब्यॉन केर्नो आणि इतर कॉर्निश मंडळी वर्षानुवर्षे करीत राहिली. राष्ट्राभिमानाची ही मागणी शेवटी पोटाची मागणी ठरली. अखेर कॉर्नवॉलचा हिशोब वेगळा झाला, १९९९ मध्ये ते युरोपातील सर्वांत मागासलेल्या प्रदेशांच्या यादीत गेले आणि २००० पासून कोट्यवधी पौंडांचे साहाय्य सुरू झाले. पेनरिन येथील विद्यापीठाचे आवार त्याच पैशांतून आकाराला आले. आपण गरीब आहोत हे सिद्ध झाले म्हणून आनंद मानणारे लोक विरळाच. पण राष्ट्र म्हणून मोजले जाण्याचा अर्थ काय, हे त्या एका रकान्याने जेवढे समजावले तेवढे शंभर व्याख्यानांनी समजावले नसते.

त्याच सुमारास, १९९७ मध्ये, पक्षाची सूत्रे डिक कोल या पुरातत्त्वज्ञाकडे आली. अन गॉफच्या बंडाला पाचशे वर्षे झाली म्हणून त्या वर्षी सेंट केव्हर्न ते ब्लॅकहीथ अशी पदयात्राही निघाली होती. स्कॉटलंडला पार्लमेंट आणि वेल्सला असेंब्ली मिळत होती. मग कॉर्नवॉलला का नको? मार्च २००० मध्ये पक्षाने सह्यांची मोहीम उघडली आणि डिसेंबर २००१ मध्ये पन्नास हजारांवर सह्यांचे गठ्ठे लंडनला पंतप्रधानांच्या निवासस्थानी नेऊन दिले. मतदारांपैकी दहांत एकाहून अधिक माणसांनी सही केली होती. यांतील बहुसंख्यांनी मेब्यॉन केर्नोला कधी मत दिले नव्हते आणि पुढेही दिले नाही. २०१५ च्या निवडणुकीत पक्षाने सहाही जागा लढविल्या. सर्व मिळून पडली ५,६७५ मते, म्हणजे शेकडा सुमारे दोन. लोक सही देतात, मत देत नाहीत. याला ढोंग म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. मत देताना माणूस कोण निवडून येईल ते पाहतो; सही करताना आपण कोण आहोत ते पाहतो.

भाषेची कथाही अशीच. नोव्हेंबर २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेखाली कॉर्निशला मान्यता दिली. पण ती लिहावयाची कशी? पुनरुज्जीवन करणाऱ्यांत मध्ययुगीन नाटकांवरून लेखन ठरविणारे निराळे, सतराव्या-अठराव्या शतकातील बोली धरणारे निराळे, त्यांत पुन्हा उपपंथ. बोलणारी माणसे काही शेकडे आणि शुद्धलेखनाचे पंथ तीनचार! शुद्धलेखनाच्या वादांना सरावलेल्या आपणां मराठी माणसांना हे ऐकून अगदी घरच्यासारखे वाटेल. २००८ मध्ये शासकीय आणि शालेय कामापुरते एक प्रमाण लेखन ठरले तेव्हा सुटकेचा नि:श्वास पडला. २४ एप्रिल २०१४ रोजी तर सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्य केले. मात्र शिरगणतीच्या कागदावर ‘कॉर्निश’ अशी खूण करावयाची चौकट अद्याप मिळालेली नाही. २०२१ मध्येही ती नाकारली गेली. २०११ मध्ये कॉर्नवॉलमधील सुमारे ७३ हजार लोकांनी चौकट नसताना स्वतःच्या हाताने तो शब्द लिहून दिला होता.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकावयास हवे. टीकाकार म्हणतात, हे सारे स्मरणरंजन आहे. कॉर्नवॉलमध्ये आज राहणाऱ्यांपैकी पुष्कळांचा जन्म टेमरपलीकडचा. त्यांना तुमचे राष्ट्र काय देणार? हा प्रश्न योग्य आहे. किनाऱ्यावरील घरे सुटीत राहण्यासाठी विकत घेणारे श्रीमंत लोक आणि त्यामुळे आपल्याच गावात घर न परवडणारे कोळ्याचे पोर, हे तेथील आजचे दुखणे आहे. आणि अशा दुखण्याचे रूपांतर परक्यांच्या द्वेषात होण्यास वेळ लागत नाही. मेब्यॉन केर्नोने येथे बहुतांशी विवेक राखला, असे मला दिसते. राहणारा कोठून आला हे न विचारता घर राहण्यासाठी आहे की सुटीसाठी, हे तो विचारतो. दुसरा आक्षेप मात्र त्याच्या पुरस्कर्त्यांनाच अडचणीत टाकणारा आहे. ज्या युरोपने कॉर्नवॉलला निराळे मोजले, त्या युरोपातून बाहेर पडण्याच्या बाजूने २०१६ मध्ये तेथील शेकडा ५६.५ मतदारांनी कौल दिला. पक्षाची भूमिका विरुद्ध होती. जनतेने ऐकले नाही.

नदीविषयी एक गोष्ट राहिली. २०१० मध्ये मतदारसंघांची फेररचना करताना कॉर्नवॉल आणि डेव्हन यांत पाय टाकून उभा राहील असा एक मतदारसंघ होऊ घातला. लोक चिडले. तेव्हा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन म्हणाले की अहो, ही टेमर आहे, काही अ‍ॅमेझॉन नव्हे. भूगोल म्हणून हे बरोबरच होते. पण सॉल्टॅश गावी नदीकाठी सभा भरली आणि तीत सर्व पक्षांची माणसे आली. ती फेररचना पुढे बारगळली; २०२४ ची निवडणूक झाली तेव्हाही कॉर्नवॉलचे सहा मतदारसंघ नदीच्या अलीकडेच होते.

कॉर्नवॉल कौन्सिलच्या ८७ जागांपैकी २०२१ मध्ये मेब्यॉन केर्नोच्या वाट्याला पाच आल्या होत्या. मे २०२५ मध्ये त्या तीनवर घसरल्या. आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, तीन सभासदांच्या या पक्षातर्फे डिक कोल यांनी त्याच कौन्सिलपुढे ठराव मांडला की कॉर्नवॉलला राष्ट्र म्हणून मान्यता मिळावी आणि त्याचा दर्जा ब्रिटनमधील इतर राष्ट्रांच्या बरोबरीचा असावा. इतर पक्षांच्या सभासदांनी हात वर केले. ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला.